चांदीच्या गावातली विहीण

साताऱ्याहून निघाले तेव्हा गाडी सुरू झाली तरी अक्का खिडकी सोडेनात. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आत डोकं घालून म्हणाल्या, "शालन, तिकडे एखादी सवाष्ण गाठून ठेव हो. पोरीची ओटी तू स्वतः भरायला जाऊ नकोस."

"हो अक्का," मी म्हटलं. पार खंबाटकीचा घाट येईपर्यंत मी स्वतःवर चिडलेली होते.

माझी एकुलती एक लेक केतकी कोलोनला एका कंपनीत मेकॅनिकल इंजिनिअर आहे. तिने योनास नावाचा जर्मन मुलगा पसंत केला आणि त्याच्या आईच्या गावी, डिसेंबरच्या थंडीत, लग्न करायचं ठरवलं. तेही कुठे, तर गावच्या म्युझियममध्ये! तिकडे नोंदणी कचेरीचा अधिकारी गावातल्या एखाद्या जुन्या वास्तूत येऊन लग्न लावतो म्हणे. आणि हे म्युझियम कसलं, तर पाचशे वर्षांपूर्वी डोंगरात चांदी सापडली म्हणून चहूकडून धावत आलेल्या पहिल्या वसाहतवाल्यांचं.

केतकीचे बाबा ती बारावीत असताना गेले. त्यानंतर मी कुणाचीच ओटी भरलेली नाही. कुणी माझा हात धरला असं नाही हो. हळदीकुंकवाचं तबक आलं की मीच उठून स्वयंपाकघरात जाते, चहा गरम आहे का बघायला. सगळी नोकरी शाळेत भूगोल शिकवण्यात गेली. विधवांना दूर ठेवायच्या या रूढीविरुद्ध मुलींपुढे तावातावाने भाषणंही ठोकली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

पण लेकीची ओटी मला भरायची होती. मला, माझ्या हातांनी. अक्कांपुढे मला नाही म्हणवलं नाही, कारण बाई मनाने लोणी आहे. आमच्यावर तो प्रसंग आला तेव्हा महिनाभर माझी चूल त्यांनीच पेटती ठेवली. आता दादांचं, म्हणजे त्यांच्या यजमानांचं, डायलिसिस चालू आहे, म्हणून दोघांना लग्नाला येता आलं नाही. आणि खरं सांगायचं तर अक्कांच्या शब्दापेक्षा मला माझीच भीती होती. माझा हात लागला आणि उद्या त्या पोराचं काही बरंवाईट झालं तर? हा विचार मूर्खपणाचा आहे, हे मला समजतं. समजलं म्हणून तो जातो थोडाच!

कोलोनला पोचल्यावर केतकीने मला सुपरमार्केट दाखवलं. तिथे नारळ होते, पण सगळे गुळगुळीत, तासून काढलेले. एकालाही शेंडी नाही!

"अगं, हे काय शेंडी कापलेले बटू?" मी म्हटलं. "बरं झालं मी घरून आणला."

"आई, तू साताऱ्याहून नारळ आणलास?" केतकी कपाळाला हात लावून हसत सुटली. हसायचं तर हस बाई. ओटीत शेंडीचा नारळ लागतो म्हणजे लागतो. खण, तांदूळ, हळकुंडं, सुपाऱ्या, खारका असं सगळं सामान मी एका कापडी पिशवीत बांधून आणलं होतं. शिवाय विहीणबाईंसाठी साडी. योनासचे वडीलही काही वर्षांपूर्वी आजारपणात गेलेले, म्हणून अक्कांनी आणि मी मिळून साडी बेताची निवडली होती, राखाडी रंगाची, बारीक काठाची.

सवाष्णीची सोयही मी गुपचूप लावली होती. केतकीची मैत्रीण आरती नवऱ्याबरोबर ड्रेस्डेनला असते. तिला फोन करून सांगितलं की लग्नाच्या आदल्या दिवशी ये, ओटी तू भर. केतकीला वाटत होतं, ती नुसती लग्नाला येते आहे.

दोन दिवसांनी आम्ही मायलेकी पूर्वेकडे निघालो. योनास तयारीसाठी पुढे गेलेला. तीनदा उमश्टायगन (गाडी बदलणं) करावं लागलं. शेवटच्या छोट्या गाडीत बर्फ बघायला म्हणून मी पुढच्या डब्यात जाऊन बसले, तर केतकी धावत आली आणि मला दंडाला धरून मागे घेऊन गेली. पुढच्या स्टेशनात गाडीचे दोन तुकडे होतात आणि पुढचा तुकडा भलत्याच गावाला जातो, हे मला कसं कळावं? माझ्या डोळ्यांदेखत तो अर्धा भाग सुटून निघून गेला. पिशवी माझ्या मांडीवर होती. वधूची ओटी झेक सरहद्दीकडे गेली असती!

गाडी चढायला लागली तशी सूचिपर्णी झाडं दाट झाली. जन्मभर फळ्यावर ज्यांचं चित्र काढलं, ती झाडं बर्फाचा भार घेऊन प्रत्यक्ष उभी होती. मी केतकीला त्यांच्या फांद्या खाली का झुकलेल्या असतात ते समजावून सांगू लागले. ती म्हणाली, "जा, जा, गेनाऊ," (हो, हो, अगदी बरोबर) आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. किती वर्षांनी झोपली अशी. मी हलले नाही.

गावाचं नाव देत नाही, कारण रेनाटेंना आपल्या गावाचं नाव छापून आलेलं आवडायचं नाही. रेनाटे म्हणजे विहीणबाई. स्टेशनवर लाल टोपी घालून उभ्या, उंच, हाडापेराने मजबूत, माझ्याच वयाच्या. मी नमस्काराला हात जोडले, त्यांनी मिठीत घ्यायला हात पसरले, आणि माझे जोडलेले हात मधल्या मध्ये चेपले गेले. "ग्लुक आउफ!" त्या म्हणाल्या. खाणकऱ्यांचा हा राम राम. खाणीत नशीब उघडू दे आणि सुखरूप वर ये, असा त्याचा अर्थ. खाणी बंद होऊन जमाना झाला, पण दुकानात पाव घेतानाही इथे लोक हेच म्हणतात.

अंधार लवकर पडला. गाव उतारावर आहे, आणि चढाच्या रस्त्याने जाताना प्रत्येक खिडकीत दिवे. कुठे लाकडी कमानीवर मेणबत्त्यांची रांग, कुठे हातात दिवे घेतलेल्या लाकडी बाहुल्या. रेनाटेंच्या खिडकीत एकच बाहुला होता, काळ्या टोपीचा खाणकरी. केतकीने सांगितलं, "घरात जितके मुलगे तितके खाणकरी, जितक्या मुली तितक्या देवदूत बाहुल्या. नाताळ येतोय ना, म्हणून. रस्त्यावरून जाणाऱ्याला कळतं, या घरात लेकरं किती."

जेवायला क्वार्ककॉयलशेन (बटाटा आणि चक्क्याच्या गोड टिक्क्या) आणि सफरचंदाचा गर होता. मी चार खाल्ल्या आणि बॅगेतलं मिरचीचं लोणचं काढलं. रेनाटेंनी लोणचं टिक्कीवर लावून खाल्लं, डोळ्यांत पाणी आलं तरी मागे हटल्या नाहीत. बाई मला आवडली. साडी दिली तेव्हा त्यांनी ती गालाला लावली, "श्योन" (सुंदर) म्हणाल्या, पण डोळे मात्र शेजारी ठेवलेल्या केतकीच्या लालभडक शालूवर रेंगाळत होते. ते माझ्या लक्षात आलं आणि मी ते सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी म्युझियम. रेनाटे तिथे हौसेने काम करतात, पाहुण्यांना गाव समजावून सांगतात. त्यासाठी त्या जुन्या काळचा वेष घालतात: काळा घेरदार झगा आणि त्यावर मोठं पांढरं एप्रन. ओटीची पिशवी मी खांद्यालाच अडकवली. आरती दुपारी थेट तिथेच येणार होती.

गोष्ट अशी सांगतात: मीठ वाहणाऱ्या गाडीवानाला जंगलातल्या चाकोरीत चमकणारा दगड सापडला. बातमी फुटली आणि "बेर्गगेश्राय" झालं, म्हणजे डोंगराची हाकाटी. ज्याला ऐकू आली तो निघाला. कुणी गवंडी, कुणी पळून आलेला कुळवाडी, कुणी दुसऱ्या खाणीतून आलेला. जंगल तोडलं, ओंडक्यांची घरं बांधली आणि एका पिढीत तिथे गाव उभं राहिलं. चांदी संपली तशी निम्मी माणसं आणखी कुठे गेली. उरलेल्यांनी लाकडाची खेळणी करून पोट भरलं.

रेनाटे बोलत, केतकी मराठीत सांगे. "आल्झो (तर मग) आई, हे बघ, हे चामडं पाठीमागे बांधायचे. खाणीत बसायला आणि घसरत खाली जायला." मी म्हटलं, म्हणजे उलटं एप्रन! केतकीने ते जर्मनमध्ये सांगितलं आणि रेनाटे मोठ्याने हसल्या. बेडकाच्या आकाराचा तेलाचा दिवा पाहिला. दगड फोडून चांदीचा वेगळा करायचा बाक पाहिला, तिथे बायका बसत. डोक्यावर हेल्मेट चढवून एका जुन्या बोगद्यात शिरलो. आत पाणी ठिबकत होतं आणि वाकून चालावं लागत होतं. रेनाटेंनी दोन मिनिटं वीज बंद केली आणि तो बेडूकदिवा लावला. एवढ्याशा उजेडात माणसं जन्म काढत होती! मी नकळत रेनाटेंचा हात धरला. त्यांनी तो बाहेर येईपर्यंत सोडला नाही.

बाहेर आलो आणि माझा फोन किणकिणला. आरती.

"काकू, सॉरी हो! इकडे इतका बर्फ झालाय की सगळ्या गाड्या रद्द केल्यात. उद्याही निघणार नाहीत म्हणतात. कार काढायची तर रस्ता बंद. काकू, ओटीचं काय करायचं?"

"बघते गं," म्हटलं. फोन ठेवला आणि म्युझियममध्ये मांडलेल्या पहिल्या वसाहतवाल्याच्या एका खोलीच्या घरात, पाळण्याशेजारच्या बाकावर मी बसले. त्यावर बसू नये अशी पाटी होती म्हणे. मला जर्मन कुठे येतंय!

"आई, आरती नाही आली तर नाही. फोटो पाठवू तिला," केतकी म्हणाली. मग माझा चेहरा पाहून थांबली. "तू रडतेयस? आई, काय झालं?"

मग सांगावंच लागलं. आरतीला कशाला बोलावलं होतं, अक्का काय म्हणाल्या, मी हो का म्हटलं. रेनाटे बाजूला उभ्या राहून आळीपाळीने आमच्या तोंडाकडे पाहत होत्या. त्यांनी काहीतरी विचारलं. केतकी त्यांना सांगायला लागली. दोन वाक्यं नीट गेली. तिसऱ्या वाक्याशी ती अडखळली, पुन्हा सुरुवात केली, आणि माझ्याकडे वळली.

"मी नाही सांगू शकत," ती मला म्हणाली. "माझी आई म्हणते तिचा हात मला लागू नये, हे मी कुठल्या भाषेत सांगू? बाबा गेले तेव्हा तूच मला रोज कुशीत घेऊन झोपवलंस ना? तेव्हा चालला तुझा हात?"

मी म्हटलं, "तुझ्यासाठी नाही गं घाबरत. त्या पोरासाठी घाबरते. योनासला काही झालं तर मी जगू शकणार नाही. एवढंच सांग त्यांना."

केतकीने डोळे पुसले आणि तेवढं सांगितलं. रेनाटे माझ्या शेजारी, त्याच मनाई असलेल्या बाकावर बसल्या आणि सावकाश, माझ्याकडे बघून, जर्मनमध्ये बोलल्या. केतकी मागोमाग सांगत होती.

"योनास माझा मुलगा आहे. त्याच्या जिवाची काळजी जगात सगळ्यात जास्त कुणाला असेल तर मला. बरोबर? मग मी सांगते. भरा. त्याची आई परवानगी देते आहे."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. हे मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं आणि म्हणणार तरी कोण? ज्या जिवासाठी मी घाबरत होते, तो जीव ज्या बाईने जन्माला घातला तीच म्हणत होती, भर. माझ्या छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं आणि मी तिथेच ओक्साबोक्शी रडले.

रेनाटेंनी मला रडू दिलं. मग एकदम काहीतरी आठवल्यासारखं केतकीला विचारलं. केतकी कावरीबावरी झाली.

"काय म्हणतात?"

"आई, मीच त्यांना मागे सांगितलं होतं की आपल्याकडे मुलाच्या आईचीही ओटी भरतात. त्या विचारतायत, माझी कोण भरणार होतं?"

कप्पाळ माझं! पिशवीत सामान एकाच ओटीचं होतं. रेनाटेंची ओटी भरायची हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. त्या माझ्यासारख्याच, मग कशाला, असं धरूनच मी चालले होते. कुणाला न विचारता मी त्यांना राखाडी साडीत बसवून टाकलं होतं. अक्का निदान तोंडावर तरी बोलल्या. मी तर न बोलता तेच केलं. अशी लाज वाटली की त्या बोगद्यात परत जाऊन बसावं!

"सांग त्यांना," मी म्हटलं, "मीच भरणार. आत्ता."

रेनाटे उभ्या राहिल्या. पदर कुठून आणायचा असा प्रश्न मला पडायच्या आत त्यांनी ते पांढरं एप्रन दोन्ही हातांनी धरून पुढे पसरलं. इतक्या वर्षांनी मी कुंकवाची डबी उघडली. त्यांच्या गोऱ्या कपाळावर हळद-कुंकू लावलं. ओंजळीने तांदूळ घातले, हळकुंडं, सुपाऱ्या, खारका घातल्या, खण ठेवला, वर साताऱ्याचा नारळ, शेंडी त्यांच्याकडे करून. "नारळ जड आहे," त्या केतकीला म्हणाल्या. मग त्यांनी डबीत बोट बुडवलं आणि माझ्या कपाळावर केवढा तरी मोठा ठिपका लावला, भुवईपर्यंत ओघळला तो. कुणीतरी माझ्या कपाळाला कुंकू लावलं होतं. मी तो पुसला नाही. तशीच गावातून चालत घरी गेले.

रात्री आमची धावपळ. केतकीसाठी नव्याने सामान जमवायला हवं होतं. गावच्या दुकानात तांदूळ मिळाले, खारकांच्या जागी खजूर, सुपारीच्या जागी अक्रोड. खण नव्हता, तर रेनाटेंनी कपाटातून आपल्या आईचा भरतकामाचा रुमाल काढून दिला. नारळ मात्र मिळाला तो बटूच. असू दे म्हटलं.

सकाळी खिडक्यांवर बर्फाची नक्षी होती. केतकी शालू नेसून स्वयंपाकघरात आली आणि काही न बोलता माझ्यासमोर पदर पसरून उभी राहिली. योनास दारात उभा राहून बघत होता. मी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या आईकडे पाहिलं. रेनाटेंनी मान हलवली. आणि मी माझ्या लेकीची ओटी भरली. तिच्या कपाळाला कुंकू लावताना तिचे बाबा आठवले, पण त्या आठवणीची भीती नव्हती वाटत. ते असते तर माझ्या मागे उभे राहून म्हणाले असते, शालन, तांदूळ सांडतायत. खरंच सांडत होते.

लग्न म्युझियमच्या मोठ्या खोलीत लागलं. अधिकारी बाईंनी बरंच काही वाचलं, दोघं "जा" (हो) म्हणाले, सह्या झाल्या आणि जुन्या गणवेशातल्या चार खाणकरी आजोबांनी "ग्लुक आउफ" म्हणून गजर केला. रेनाटे राखाडी साडी नेसल्या नाहीत. मीच नेसू दिली नाही. माझ्याजवळची हिरवी पैठणी त्यांना नेसवली, ती त्यांच्या उंचीला अपुरी पडली आणि घोट्याच्या वर बूट दिसत होते. दुपारी घरी परतलो तर खिडकीत खाणकऱ्याच्या शेजारी लाकडी देवदूत बाहुली उभी होती. केतकी रस्त्यातच थांबली आणि सासूच्या गळ्यात पडली. मला हेवा वाटला नाही. अगदी जरासा वाटला.

पंधरा दिवसांनी साताऱ्याला परत आले. अक्का संध्याकाळीच आल्या, दादांना जेवू घालून. मी तिकडून आणलेला केक दिला, म्युझियमचे फोटो दाखवले, बोगदा, बेडूकदिवा, सगळं सांगितलं. मग केतकीने काढलेला ओटीचा फोटो आला. मी तो लपवला नाही. म्हटलं, "अक्का, सवाष्ण आली नाही. केतकीची ओटी मीच भरली. तिच्या सासूचीही." रेनाटे काय म्हणाल्या तेही जसंच्या तसं सांगितलं. भांडायची तयारी मी विमानातच करून ठेवली होती.

अक्का भांडल्या नाहीत. फोन हातात धरून बसून राहिल्या. परदेशी बाईचा अजागळ कुंकवाचा ठिपका, माझा तसलाच ठिपका, दोघींची हसणारी तोंडं असा तो फोटो. चहा निवून गेला. प्रवास फार लांबचा होता, पण मी साताऱ्यातच, माझ्याच हॉलमध्ये, माझ्या जाऊबाईंना पहिल्यांदा नीट पाहत होते. किती वाळल्या होत्या!

"डॉक्टर म्हणतात, आता फार दिवस नाहीत यांचे," त्या फोनकडे बघतच म्हणाल्या. "वैशाखात नातीचं लग्न आहे. शालन, तेव्हा मला भरू देतील का गं तिची ओटी?"

मी उठून त्यांच्याजवळ जाऊन बसले. "कोण अडवतंय बघते मी," म्हटलं. "तुम्ही फक्त हात पुढे करा, अक्का. मी तांदूळ घेऊन शेजारी उभी राहीन."